एक चाल, दोन गाणी: 1989 च्या हाँगकाँगमधलं एक प्रकरण

1989 साली हाँगकाँगमध्ये एकाच जपानी चालीवर दोन कॅंटनीज गाणी निघाली आणि दोन्ही तुफान चालली. पहिलं प्रिसिला चॅनचं, जुलैमध्ये आलेल्या तिच्या अल्बममधलं: 'छिन छिन ख्युत को', म्हणजे 'हजारो गीते'. दुसरं अनिता मुईचं, त्याच वर्षातलं: 'चिक योंग ची को', म्हणजे 'मावळतीचं गाणं'. वर्षाच्या पुरस्कारांसाठी दोन्ही एकमेकांसमोर आली, चाहत्यांची जुंपली, आणि शीर्षकांचं पहिलं पहिलं अक्षर जोडून त्या भांडणाला नावही पडलं. तिकडे आजही पन्नाशीतल्या लोकांना विचारा, बहुतेक जण बाजू घेतात.

भांडणात कोण जिंकलं, हे पुढे येईलच. मला त्याहून रस आहे तो दुसऱ्या प्रश्नात. चाल तीच, वर्ष तेच, शहर तेच. गाणी इतकी वेगळी कशी झाली? आणि चालच जर परक्याची, तर ही गाणी अस्सल हाँगकाँगची म्हणून कशी काय ओळखली जातात?

उसन्या चालींचा बाजार

सत्तरच्या दशकापर्यंत हाँगकाँगमध्ये कॅंटनीज गाण्याला फारशी पत नव्हती. शिकलेली पोरं इंग्रजी गाणी ऐकायची, थोरामोठ्यांत मँडरिन गाणी चालायची, आणि घरोघरी बोलली जाणारी कॅंटनीज ही ऑपेरा नाहीतर विनोदी गाण्यांपुरती उरली होती. 1974 मध्ये हे बदललं. त्या वर्षी टीव्हीबी वाहिनीवरच्या एका मालिकेचं जोसेफ कूने बांधलेलं शीर्षकगीत गाजलं, आणि सॅम हुईने चित्रपटासाठी गायलेल्या कॅंटनीज गाण्यांनी चाळीतल्या, कारखान्यातल्या माणसाची भाषा थेट रेकॉर्डवर आणली. पुढच्या दहा वर्षांत याचा मोठा धंदा झाला.

धंदा वाढला तशी चालींची टंचाई जाणवू लागली. एकेका गायिकेचे वर्षाला दोन-दोन, तीन-तीन अल्बम निघत; प्रत्येकात दहाएक गाणी. तेवढ्या चाली देणारे संगीतकार त्या लहानशा शहरात आणायचे कुठून? जपानी चाली मात्र तयार होत्या, तिथल्या बाजारात तावून सुलाखून निघालेल्या होत्या, आणि हक्क विकत घेतले की आठवड्याभरात त्यावर कॅंटनीज शब्द चढत. ऐंशीच्या दशकातली हाँगकाँगची निम्मी हळवी गाणी अशीच जन्मली, असं म्हणणं थोडं सैल होईल, पण फार चुकणार नाही. ऐकणाऱ्यांना यात काही कमीपणा वाटत नसे. आपल्याकडे संगीत नाटकांची पदं आधीच्या चालींवर रचलेली असत, आणि म्हणून कोणी त्या पदांना परकं म्हटलं नाही; तसंच काहीसं.

एकाच चालीचे हक्क दोन कंपन्यांना मिळणं हेही त्या बाजारात अधूनमधून व्हायचं. या खेपेला ते दोन आघाडीच्या गायिकांच्या बाबतीत झालं, एवढंच.

मूळ चाल

ही चाल कोजी माकाइनो या जपानी संगीतकाराची. गायलं मासाहिको कोन्दोने. हा तिकडचा ऐंशीच्या दशकातला लाडका पोरगेला स्टार, पुढे मोटार शर्यतींत रमला. मूळ शब्द आकिरा ओत्सुचे. निरोपाचा हातही न हलवता आपलं भंगार गाव सोडून शहरात पळून आलेला एक तरुण, उंच इमारतींवर पसरलेली संध्याकाळची लाली पाहतो आणि ज्या गावाचा तिटकारा होता तेच त्याला आठवून गलबलून येतं, असा त्याचा आशय.

यात दोन गोष्टी आहेत: सोडून जाणं आणि मावळतीचं आभाळ. हाँगकाँगच्या दोन गीतकारांनी त्या वाटून घेतल्यासारख्या उचलल्या. प्रिसिला चॅनसाठी लिहिणाऱ्या रिचर्ड लामने जाणं घेतलं, मुईसाठी लिहिणाऱ्या चॅन सिउ-केईने मावळती. ठरवून नव्हे, पण झालं तसं खरं.

चालीची ठेवण पॉप बॅलडची. कडवं खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं, जवळजवळच्या सुरांवर सरकणारं. मग ध्रुवपदाला एकदम चढण, आणि तिथे लांब श्वासाच्या ओळी. अशी चाल गायकाला सोयीची असते: आधी कानात काहीतरी सांगायचं, मग सगळ्यांसमोर तेच ओरडून सांगायचं. कॅंटनीज आवृत्त्यांत वाद्यमेळही त्या काळचाच आहे, कीबोर्डचे थर, मागे तंतुवाद्यं, ध्रुवपदाला घुमणारा ड्रम. त्यात दोन्हीकडे खास काही नाही. खास आहे ते शब्दांत.

0, 2, 4, 3

कॅंटनीज ही सुरांची भाषा. एकच अक्षर सहा वेगवेगळ्या सुरांत उच्चारलं तर सहा वेगळे शब्द होतात. बोलताना हे आपोआप होतं. गाताना मात्र चाल आपला सूर लादते. चाल वर गेली आणि शब्द खालच्या सुराचा असला, तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. परभाषेतून घाईने आणलेल्या जुन्या स्तोत्रांत 'प्रभू' हा शब्द चुकीच्या सुरावर पडून 'डुक्कर' ऐकू येतो, हा हाँगकाँगच्या शाळांतला जुना विनोद आहे. मँडरिन गाण्यांत सुरांकडे बरंचसं दुर्लक्ष चालतं. कॅंटनीज श्रोता ते चालवून घेत नाही.

म्हणून तिथला गीतकार आधी चाल आकड्यांत मांडतो. कॅंटनीजमध्ये शून्य, दोन, चार, तीन या आकड्यांचे उच्चार खालून वर अशा चार पायऱ्यांवर पडतात: 0 सर्वांत खाली, मग 2, मग 4, आणि 3 सर्वांत वर. चढते सूर जिथे संपतात तिथली पायरी धरायची. चाल गुणगुणत त्यावर हे आकडे म्हणायचे, आणि मग त्या आकड्यांत बसणारे शब्द शोधायचे. वृत्तात लघु-गुरू सांभाळणारा मराठी कवी यातली अर्धी अडचण ओळखेल. उरलेली अर्धी त्याच्या वाट्याला कधी आलेली नसते, कारण मराठीत 'घर' हा शब्द कुठल्याही सुरावर घरच राहतो.

आता दोन्ही गाण्यांची पहिली ओळ पाहू. लामची सुरुवात: 'छोय छोय वुइ मोंग', म्हणजे हळूहळू मागे वळून पाहताना. चॅन सिउ-केईची: 'छे योंग मोउ हान', म्हणजे कलता सूर्य अपार सुंदर. दोन्हींत चार अक्षरं. आकड्यांत मांडलं तर:

लाम: 0 0 0 2
चॅन: 0 0 0 2

योगायोग म्हणावा, तर ध्रुवपदाकडे चला. लाम म्हणतो, उद्या हजारो गीतं येतील. चॅन म्हणतो, किती वादळांशी गाठ पडली. अर्थाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आकडे मात्र असे:

लाम: 0 2 4 3 3 3 4 3
चॅन: 0 2 4 3 3 3 4 3

त्याच ओळीचा उत्तरार्ध, लामकडे 'दूरवरच्या माझ्या वाटेवर तरंगत', चॅनकडे 'माझी गुंतलेली स्वप्नं विणत':

लाम: 3 3 4 3 4 2 2
चॅन: 3 3 4 3 4 2 2

वेगवेगळ्या गायिकांसाठी, वेगवेगळ्या कंपन्यांसाठी लिहिणारी ही दोन माणसं. तरी अक्षरामागे अक्षर एकाच पायरीवर. माकाइनोने जपानीसाठी बांधलेल्या चालीत कॅंटनीज शब्दांचे साचे आधीच पडलेले होते, आणि दोघांनाही त्याच साच्यांत ओतायचं होतं. जपानी गीतकाराला ही कटकट नव्हती, पण त्याची अडचण निराळी. त्याला पहिल्या चार सुरांत 'आ-बा-यो-तो' एवढंच म्हणता आलं, म्हणजे जेमतेम 'येतो म्हणत'. कॅंटनीजमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असल्यामुळे त्याच चार सुरांत अख्खं चित्र उभं राहतं. म्हणूनच तिकडची बॅलड जपानी मुळापेक्षा नेहमी जास्त भरगच्च वाटते. कधीकधी जरा जास्तच.

फाटा कुठे फुटतो

इतकी बेडी असताना मोकळीक उरते कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी.

एक, यमक. लामने 'ओंग'सारखा शेवट धरला आहे: मागे पाहणं, रात्र, वाट, चंद्र, गाणं, या सगळ्यांसाठीचे कॅंटनीज शब्द त्या ध्वनीत संपतात. ओठ गोल, घंटेसारखी नाकातून रेंगाळणारी घुमी. चॅन सिउ-केईने 'आन' धरला: झळाळणं, परत येणं, स्वप्न, संकट, उशीर. तोंड उघडतं आणि जीभ टाळूला टेकून आवाज तोडते. भाषा न कळणाऱ्यानेही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. पहिलं लांबत जातं, दुसरं ओळीओळीला थांबतं.

दोन, आशय कुठल्या दिशेला तोंड करून आहे. लामच्या गाण्यात निरोप घेणारी मुलगी आज रात्रीबद्दल बोलते. पुढे हजारो गाणी येतील, आजच्या चंद्राहून उजळ हजारो चांदण्या येतील, पण आजच्या या रात्रीची सर कशालाच नाही, असं तिचं म्हणणं. दुःख आहे, पण पुढे आयुष्य पडलंय याची खात्रीही आहे. सिउ-केईचं गाणं नवव्या शतकातल्या ली शांगयिन या कवीच्या सर्वज्ञात ओळींवर पाय ठेवून उभं राहतं: मावळता सूर्य अपार सुंदर, फक्त तिन्हीसांज जवळ आली आहे. त्यातला माणूस थकलेला, वणवण केलेला. परतावंसं वाटतं तेव्हा उशीर झालेला असतो. दोन्ही गायिकांची वयं तेव्हा पंचविशीच्या आसपासचीच. मुईला मात्र हे म्हातारं गाणं शोभलं. ती लहानपणापासून जत्रेत, नाइट क्लबांत गात पोट भरत आलेली. तिचा आवाज खर्जातला, जाड, थोडा घासलेला. प्रिसिलाचा आवाज स्वच्छ आणि उजळ, वरच्या सुरांत पातळ न होणारा.

तिसरी जागा मला सगळ्यांत आवडते. ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीत नऊ सुरांची जागा आहे. चॅन सिउ-केईने ती पूर्ण भरली: 'एके दिवशी परतावंसं वाटतं, पण उशीर झालेला असतो', नऊ अक्षरं. लामने पहिली दोन अक्षरं लिहिलीच नाहीत. तिथे फक्त 'आऽऽ' आहे, आणि मग सात अक्षरं: 'कारण आज रात्री तू माझ्यासोबत गातोस'. त्या सातांचे आकडे पुन्हा सिउ-केईच्या शेवटच्या सातांशी तंतोतंत जुळतात, 3 4 3 4 2 4 4. पण चाल जिथे शब्द मागत होती तिथे लामने अर्थच काढून घेतला आणि गळा मोकळा सोडला. सुरांच्या भाषेत निव्वळ स्वर ही एकच गोष्ट अशी आहे की ती कुठल्याही पायरीवर चुकत नाही. हजारो माणसांनी एकत्र गायचं गाणं त्या 'आऽऽ'मुळे झालं, असं मी बेधडक म्हणेन. शब्द विसरलेला माणूसही तिथे सामील होतो.

ते वर्ष

1989 च्या जूनमध्ये बीजिंगला तिआनानमेन चौकात रक्तपात झाला. हाँगकाँग 1997 मध्ये चीनच्या ताब्यात जाणार हे 1984 च्या करारापासून ठरलेलं होतं. आता त्या तारखेची धास्ती बसली. लोक कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे अर्ज भरू लागले. 1990 या एका वर्षात 60 हजारांहून अधिक माणसं शहर सोडून गेली. विमानतळावर सोडायला जाणं हा त्या काळातल्या प्रत्येक घराचा अनुभव.

'हजारो गीते' यावर लिहिलेलं नव्हतं. त्याचं निमित्त साधं होतं: प्रिसिला चॅन गाणं सोडून अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला निघाली होती, आणि तिच्या कंपनीला निरोपाचं गाणं हवं होतं. त्याच वर्षी हंग हॉमच्या कोलिझियममध्ये तिने निरोपाचे कार्यक्रम केले. पण जुलैमध्ये रेडिओवर ते वाजू लागलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या घरातही कोणी ना कोणी बॅग भरत होतं. गाण्याचा अर्थ गीतकाराच्या हातात राहिला नाही.

'मावळतीचं गाणं'ही असंच दुसरीकडून तिथेच पोचलं. ते 'अ बेटर टुमॉरो'च्या तिसऱ्या भागाचं शीर्षकगीत. दिग्दर्शक त्सुई हार्क, मुख्य भूमिकांत चाव युन-फॅट, टोनी लिअंग का-फाई आणि स्वतः मुई. कथा घडते व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी सायगॉन पडण्याच्या सुमारास, शहर सोडून पळणाऱ्या माणसांची. हार्कचं लहानपण सायगॉनमधलं. 1989 च्या प्रेक्षकाला पडद्यावरचं सायगॉन पाहून कुठलं शहर आठवलं असेल, हे सांगायला नको.

निकाल आणि त्यानंतर

टीव्हीबीच्या 1989 सालच्या गीत पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्कृष्ट गाणं ठरलं 'मावळतीचं गाणं'. प्रिसिलाच्या चाहत्यांना ते पटलं नाही. मुईची रेकॉर्ड कंपनी टीव्हीबीशी जोडलेली होती, ती स्वतः 1982 मध्ये टीव्हीबीच्याच गायन स्पर्धेतून पुढे आलेली. त्यामुळे कुजबुजीला खाद्य मिळालं. शिवाय प्रिसिला शहर सोडून चाललेली. जाणाऱ्याला बक्षीस द्यायचं कशाला, असा एक व्यवहारी तर्कही लावला जाई. मुईने 1990 मध्ये जाहीर केलं की यापुढे स्पर्धेतले पुरस्कार आपण घेणार नाही.

पुरस्कार देणाऱ्यांची मला फारशी चूक दिसत नाही. गायन म्हणून मुईचं वजनदार आहे. पण कॅराओकेच्या खोल्यांत, शाळांच्या निरोप समारंभांत लोकांनी घेतलं ते प्रिसिलाचं. ते गायला सोपं नाही, पण गावंसं वाटतं. मुईचं गाणं लोक ऐकतात, आणि मग गप्प बसतात.

पुढे दोन्ही गाण्यांवर काळाने आपला शिक्का मारला. प्रिसिला शिकून परतली आणि पुन्हा गाऊ लागली, त्यामुळे तिच्या निरोपाच्या गाण्यातला निरोप हळूहळू गळून पडला; आता ते आठवणींच्या मैफलीचं गाणं आहे. मुईच्या बाबतीत उलटं झालं. सप्टेंबर 2003 मध्ये तिने गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. तिची थोरली बहीण त्याच आजाराने गेलेली होती. त्या नोव्हेंबरमध्ये मुईने कोलिझियममध्ये आठ कार्यक्रम केले आणि शेवटी पांढरा, लांबलचक सोग्याचा वधूवेष घालून हेच गाणं गायली. लग्न करायचं राहून गेलं, रंगमंचाशी तेवढं केलं, असं प्रेक्षकांना सांगून. मग पायऱ्यांचा लांब जिना एकटी चढून गेली. 30 डिसेंबरला ती गेली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. रिचर्ड लामही त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला. तेव्हापासून 'परतावंसं वाटतं, पण उशीर झालेला असतो' ही ओळ चॅन सिउ-केईने लिहिली तशी कोणाला ऐकूच येत नाही. पंचविशीतल्या मुलीच्या तोंडी घातलेलं म्हातारपण खरं ठरवायला इतकं काही घडावं लागलं. ही दंतकथा बाजूला ठेवून नुसतं 1989 चं ध्वनिमुद्रण ऐकलं तर गाणं तेवढंच मोठं वाटतं का? मला वाटतं, वाटतं. पण आता हे तपासून पाहण्याची सोय कोणालाच उरलेली नाही.

उसन्या चालींचा बाजार नव्वदच्या दशकात बसला. 1995 मध्ये कमर्शियल रेडिओच्या दुसऱ्या वाहिनीने फक्त हाँगकाँगमध्ये बांधलेली मूळ गाणीच वाजवायचं ठरवलं, आणि जपानी चाली घेण्यातला फायदा संपला. संगीतकारांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. गीतकाराच्या टेबलावर मात्र फारसं काही बदललं नाही. स्थानिक संगीतकारही आधी चालच बांधतो, 'ला ला ला' म्हणत मुद्रित करून पाठवतो, आणि गीतकार ती कानात घालून पुन्हा शून्य, दोन, चार, तीन मोजायला बसतो.